लोकवर्गणी आणि कार्यकर्त्यांच्या बळावर निवडणूक: हातकणंगलेच्या उदाहरणातून नेमके काय घ्यावे?

प्रश्न: बालाघाटकर

नमस्कार. मी बीड जिल्ह्यातील आहे. आमच्या भागातील एक कार्यकर्त्या अनेक वर्षांपासून ऊसतोड कामगारांमध्ये काम करीत आहेत. मुकादमाची उचल (हंगामाआधी घेतलेली आगाऊ रक्कम) फिटली की नाही यावरून होणारे वाद, फडावर अपघात झाल्यावर भरपाईसाठी करावी लागणारी धावपळ, हंगामात गावी मागे राहिलेल्या मुलांची शाळा आणि म्हाताऱ्या माणसांचे रेशन, या सगळ्यांसाठी त्या कचेऱ्यांमध्ये खेटे घालतात, आणि त्यामुळे तांड्या-वस्त्यांवर त्यांचे नाव आदराने घेतले जाते. २०२९ मध्ये अपेक्षित असलेली विधानसभा निवडणूक त्यांनी अपक्ष म्हणून लढवावी, असा आमचा आग्रह आहे. त्यांच्यामागे साखर कारखाना नाही, शिक्षणसंस्था नाही, पतसंस्था नाही आणि घराण्याचे नावही नाही. जी आहेत ती आमच्यासारखी माणसे.

आमच्या बैठकांमध्ये शेतकरी नेते राजू शेट्टी यांचे उदाहरण हमखास निघते. शेतकऱ्यांनी ‘एक व्होट, एक नोट’ म्हणत वर्गणी काढली आणि २००९ मध्ये त्यांना कोल्हापूरकडील हातकणंगले मतदारसंघातून लोकसभेत पाठवले, ही गोष्ट ऐकून सर्वांना हुरूप येतो. परंतु त्या निवडणुकीत समर्थकांनी प्रत्यक्ष कोणते काम केले आणि वर्गणीचा त्यात नेमका वाटा किती होता, हे आमच्यापैकी कोणालाही सांगता येत नाही. त्या भागातील जाणकारांनी ते सविस्तर सांगावे, अशी विनंती आहे.

दुसरी अडचण खास आमची आहे. २०२४ चे विधानसभेचे मतदान २० नोव्हेंबरला झाले, आणि तोपर्यंत आमच्याकडील कितीतरी जोडपी कोयता घेऊन कोल्हापूर, सांगली आणि कर्नाटकाकडे गेलेली होती. ज्यांच्यासाठी उमेदवार उभा करायचा, तेच मतदानाच्या दिवशी गावात नसतील, तर समर्थकांनी काय करावे? आमच्यात काही जिल्हा परिषद शाळांचे शिक्षकही आहेत आणि त्यांची मदत करण्याची मनापासून इच्छा आहे. त्यांना काय करता येईल, हेही कळावे.

उत्तर: पंचगंगाकाठ

मी शिरोळ तालुक्यातील ऊस उत्पादक आहे, त्यामुळे पहिल्या प्रश्नाबद्दल थोडे अधिकाराने लिहू शकतो.

२००९ चा विजय लोकवर्गणीने मिळाला असे एका वाक्यात सांगितले, की त्यातील महत्त्वाचा भाग निसटतो. आधी क्रम पाहावा. शेट्टी २००२ मध्ये जिल्हा परिषदेवर निवडून आले आणि २००४ मध्ये शिरोळमधून अपक्ष आमदार झाले. त्याच सुमारास शरद जोशी यांच्या शेतकरी संघटनेतून बाहेर पडलेल्या कार्यकर्त्यांनी स्वाभिमानी शेतकरी संघटना उभी केली. आणि त्यानंतर पाच वर्षांनी लोकसभा आली, जेव्हा त्यांनी विद्यमान खासदार निवेदिता माने यांचा सुमारे ९५ हजार मतांनी पराभव केला. या प्रत्येक पायरीमागे ऊसदराचे आंदोलन होते. जयसिंगपूरची ऊस परिषद हंगामाच्या तोंडावर भरते, पहिल्या हप्त्याची मागणी तेथे जाहीर होते, आणि तो आकडा ऐकून प्रत्येक शेतकरी घरी जाऊन आपल्या टनेजचा हिशेब मांडतो. म्हणून संघटनेचा माणूस मत मागायला दारात आला, तेव्हा त्याच्या आंदोलनामुळे आपल्या बिलात किती भर पडली, हे त्या घराला रुपयांमध्ये माहीत होते. असे काम आधी झालेले नसते, तर वर्गणीचे आवाहन वाऱ्यावर गेले असते.

आता नोटेविषयी. प्रचाराचा खर्च भागवणे हे तिचे काम होतेच, पण माझ्या मते ते दुय्यम होते. आमच्याकडे कारखान्याच्या विरोधात उघडपणे उभे राहण्याची किंमत मोजावी लागते. उसाला तोड कधी मिळेल हे कारखान्याचा चिटबॉय (उसाच्या नोंदी ठेवणारा कर्मचारी) आणि शेतकी खाते ठरवते, पीककर्ज सेवा सोसायटीतून येते, दुधाचे पैसे दूध संस्थेतून येतात, आणि या सर्व ठिकाणी बसलेली माणसे बहुधा एकाच गटाची असतात. अशा गावात एकट्याने बाजू घेणे कठीण असते. परंतु चौकातील कोपरा सभेत चाळीस जणांनी एकापाठोपाठ उठून नोट दिली, तर चाळीस जणांची तोड लांबवणे कोणालाही परवडत नाही. ज्याने गावादेखत पैसे दिले, तो मग आपल्या भावकीत आणि पाहुण्यांमध्ये न सांगता प्रचार करू लागतो, कारण निवडणूक आता त्याची स्वतःची झालेली असते. भीती मोडण्याचे हे काम कोणत्याही जाहिरातीने झाले नसते, आणि माझ्या दृष्टीने हातकणंगलेचे मोठेपण तेथे आहे.

त्याच मतदारसंघाची पुढची गोष्टही आपल्या बैठकीत सांगितली जावी. २०१४ मध्ये शेट्टी महायुतीत राहून पुन्हा निवडून आले. २०१९ मध्ये काँग्रेस आणि राष्ट्रवादीच्या आघाडीबरोबर गेल्यावर मात्र ते शिवसेनेच्या धैर्यशील माने यांच्याकडून सुमारे ९६ हजार मतांनी पराभूत झाले, आणि त्या निवडणुकीत वंचित बहुजन आघाडीच्या उमेदवाराला एक लाखाहून अधिक मते मिळाली. २०२४ मध्ये स्वतंत्रपणे लढताना ते तिसऱ्या क्रमांकावर राहिले. कार्यकर्ते तेच होते, उसाचा प्रश्नही तोच होता. मला दिसणारे कारण असे, की या मतदारसंघात शिरोळबरोबर इचलकरंजी, हातकणंगले, शाहूवाडी, इस्लामपूर आणि शिराळा हे विधानसभा मतदारसंघ येतात. इचलकरंजीतील यंत्रमाग कामगाराला किंवा शाहूवाडीच्या डोंगराळ भागातील माणसाला ऊसदराच्या आंदोलनातून थेट काही मिळत नाही, आणि त्याच्या दारात जाऊन त्याच्या प्रश्नावर बोलणारे कार्यकर्ते पुरेसे तयार झाले नाहीत. शिवाय ज्या कारखानदारांविरुद्ध आम्ही रस्त्यावर उतरलो होतो, त्यांच्याच पक्षांबरोबर व्यासपीठावर बसणे अनेक समर्थकांना पटले नाही. समर्थक घरी बसले, की त्यांच्यामागची चार-पाच घरेही बसतात.

शेवटी एक फरक मनापासून सांगावासा वाटतो. आमच्याकडे वर्गणी देणारा माणूस जमिनीचा मालक आहे. आपल्याकडील कोयता कामगार आमच्याच उसात राबतो आणि हंगाम सुरू होण्याआधीच कर्जात असतो. त्याच्याकडून नोट मागणे योग्य होईल, असे मला वाटत नाही. त्याने आपल्या वस्तीवर उमेदवाराची बैठक स्वतःच्या पुढाकाराने बोलावली, मुकादमासमोर बोलावली, तर बाजू उघड करण्याचा तोच परिणाम साधेल.

उत्तर: यादी भाग

मी अनेक निवडणुकांमध्ये उमेदवारांच्या वतीने मतदान प्रतिनिधी आणि मतमोजणी प्रतिनिधी म्हणून बसलो आहे. मला कार्यकर्त्यांचा सर्वात मोठा उपयोग मतदार यादीत दिसतो, आणि आपल्या परिस्थितीत तर तो आणखी मोठा आहे.

ऊसतोड कामगार सहा-सहा महिने बाहेर असतो. त्या काळात पडताळणी झाली, घराला कुलूप दिसले आणि कोणी हरकत घेतली, तर ‘स्थलांतरित’ म्हणून नाव वगळले जाण्याचा धोका असतो. लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५० च्या कलम २० मध्ये स्पष्ट म्हटले आहे, की केवळ तात्पुरते बाहेर राहिल्यामुळे कोणाचा सर्वसाधारण रहिवास संपत नाही. हे कलम आपल्या प्रत्येक कार्यकर्त्याला पाठ असले पाहिजे. गावनिहाय प्रारूप यादी प्रसिद्ध झाली, की यादीचा एकेक भाग एकेका कार्यकर्त्याने घ्यावा, दारोदार जाऊन वाचावा, आणि चुकीने वगळलेली नावे नमुना ६ भरून पुन्हा घालावीत. पत्ता किंवा नावातील दुरुस्ती नमुना ८ ने होते, आणि मयत किंवा दुबार नावांवरील हरकत नमुना ७ ने घेतली जाते. आता १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर अशा चार अर्हता तारखा (ज्या तारखेला अठरा वर्षे पूर्ण असावी लागतात त्या) आहेत, त्यामुळे अठरा वर्षे पूर्ण झालेल्या मुला-मुलींसाठी वर्षभर थांबावे लागत नाही. हे काम निवडणूक जाहीर होण्याची वाट पाहत ठेवू नये. आपल्याकडे वेळ आहे, आणि पैसा नसलेल्या उमेदवारासाठी वेळ हीच मोठी सोय आहे.

मतदानाच्या दिवशी फडावर असलेल्यांचा प्रश्न अवघड आहे आणि त्यावर पूर्ण उपाय मला माहीत नाही. स्थलांतरित मजुरांना टपाली मतदानाची सोय नाही. दूरस्थ मतदान यंत्राचा नमुना निवडणूक आयोगाने जानेवारी २०२३ मध्ये राजकीय पक्षांपुढे मांडला होता, पण तो प्रत्यक्षात आलेला नाही. मतदानाच्या दिवशी भरपगारी सुट्टीची तरतूद लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५१ च्या कलम १३५ब मध्ये आहे आणि तीत रोजंदारीवरील माणूसही येतो. तिचा आधार घेऊन कारखान्यांकडे आणि जिल्हाधिकाऱ्यांकडे हंगामाआधीच लेखी मागणी करावी. मात्र उत्साहाच्या भरात एक गोष्ट करू नये. उमेदवाराने, त्याच्या प्रतिनिधीने किंवा त्यांच्या संमतीने अन्य कोणी गाडी ठरवून मतदारांना केंद्रावर फुकट आणणे हे त्याच अधिनियमाच्या कलम १२३(५) खालील भ्रष्ट आचरण ठरते, आणि जिंकलेली निवडणूक त्यावरून रद्द होऊ शकते. मतदाराने स्वतःच्या खर्चाने एसटीने येण्यास काहीच आडकाठी नाही. म्हणून कोणती जोडपी मतदानानंतर हंगामाला निघू शकतात, कोण जवळच्या कारखान्यावर आहे आणि कोण येऊच शकणार नाही, याची वस्तीवार नोंद ठेवणे हेच समर्थकांच्या हातातील काम आहे. गावात राहिलेली म्हातारी माणसे आणि न गेलेली घरे यांचे मतदान दुपारच्या आत व्हावे, याकडे मग अधिक लक्ष देता येते.

२०२४ मध्ये महाराष्ट्रात एक लाखाहून अधिक मतदान केंद्रे होती, म्हणजे एका विधानसभा मतदारसंघात सरासरी साडेतीनशेच्या आसपास. प्रत्येक केंद्रात आपला मतदान प्रतिनिधी बसवायचा, तर तेवढी माणसे आणि त्यांना सुटका देणारी बदली माणसे हवीत. मोठ्या पक्षाकडे ती तयार असतात. अपक्ष उमेदवार बहुतेक वेळा येथेच कमी पडतो. हा प्रतिनिधी नमुना १० वर नेमला जातो. मतदान सुरू होण्यापूर्वी यंत्र तपासण्यासाठी होणाऱ्या अभिरूप मतदानाला (मॉक पोल) त्याने हजर असले पाहिजे, आणि संध्याकाळी मतदानाचा हिशेब असलेल्या नमुना १७क ची प्रत घेतल्याशिवाय केंद्र सोडू नये. मोजणीच्या टेबलावर आपला माणूस त्याच कागदाशी यंत्रातील एकूण मते ताडून पाहतो. ज्याच्याकडे तो कागद नाही, त्याची तक्रार कोणी ऐकत नाही.

पैशाबद्दल थोडक्यात. विधानसभेसाठी महाराष्ट्रात खर्चाची मर्यादा ४० लाख रुपये आहे, अनामत १० हजार रुपये आहे (अनुसूचित जाती-जमातींच्या उमेदवारांना निम्मी), आणि अपक्षाला अर्जावर नाव सुचवणारे मतदारसंघातील १० मतदार (सूचक) लागतात. उमेदवारी अर्जाच्या किमान एक दिवस आधी निवडणूक खर्चासाठी वेगळे बँक खाते उघडावे लागते. वर्गणीची सर्व रक्कम त्या खात्यातून गेली पाहिजे, आणि एकाच व्यक्तीकडून १० हजारांहून अधिक रक्कम रोखीने घेऊ नये. एखाद्या मित्रमंडळाने परस्पर फलक लावले किंवा पत्रके छापली आणि उमेदवाराची लेखी संमती नसेल, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम १७६ प्रमाणे तो गुन्हा आहे. आणि पत्रकावर मुद्रक व प्रकाशकाचे नाव-पत्ता नसेल, तर १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व अधिनियमाच्या कलम १२७अ प्रमाणे तो वेगळा गुन्हा होतो. निकालानंतर ३० दिवसांत हिशेब सादर न केल्यास तीन वर्षांपर्यंत अपात्रता येऊ शकते. आपल्या उमेदवाराला पुढील निवडणूकही लढवायची असेल, हे ध्यानात असू द्यावे.

शिक्षक मित्रांनी मात्र प्रचारापासून पूर्णपणे दूर राहावे. जिल्हा परिषद शिक्षकांना सेवेच्या वर्तणूक नियमांनुसार राजकीय प्रचार करता येत नाही, आणि शासकीय सेवेतील व्यक्तीने निवडणूक, मतदान किंवा मतमोजणी प्रतिनिधी म्हणून काम करणे त्याच १९५१ च्या अधिनियमाच्या कलम १३४अ प्रमाणे शिक्षापात्र आहे. त्यांच्यापैकीच अनेकांना मतदान केंद्रस्तरीय अधिकारी म्हणून आणि मतदानाच्या दिवशी केंद्रावर काम करावे लागते. त्यांनी ते काम कोणाकडेही न झुकता केले, तर प्रत्येक वस्तीला न्याय मिळेल.

उत्तर: जुना गिरगावकर

मुंबईतील एक आठवण येथे उपयोगी पडेल. १९६७ मध्ये दक्षिण मुंबईतून स. का. पाटील उभे होते. ते केंद्रीय मंत्री होते, मुंबई काँग्रेसवर त्यांची पकड होती आणि त्यांना कोणी हरवू शकेल, अशी कल्पनाही लोक करीत नव्हते. समोर जॉर्ज फर्नांडिस हे कामगार पुढारी होते. महापालिकेचे कामगार, टॅक्सीवाले, हॉटेलांतील पोरे ही त्यांची फौज. ‘तुम्ही पाटलांना हरवू शकता’ हा एकच विचार या लोकांनी भिंतींवर आणि चाळींच्या जिन्यांवर पोहोचवला. कार्यक्रम, धोरण, जाहीरनामा हे सारे त्यामागून आले. हरवता येते, हे पटल्यावर मतदार बाहेर पडला आणि पाटील पडले. आपल्या भागात ‘बाई चांगल्या आहेत, पण निवडून येणार नाहीत’ हे वाक्य ऐकू येत असेल, तर समर्थकांनी आधी त्या वाक्याशी लढावे.

बालाघाटकर

आपणा सर्वांचे मनःपूर्वक आभार. ‘निवडून येणार नाहीत’ हे वाक्य आम्ही खरोखरच रोज ऐकतो. कलम २० ची माहिती आमच्यापैकी कोणालाही नव्हती. येत्या बैठकीत गावनिहाय यादी वाटून घेण्याचा विषय प्रथम ठेवतो. शिक्षक मित्रांनाही आज सविस्तर कळवले. कोयता कामगाराकडून वर्गणी मागू नये, हे पंचगंगाकाठ यांचे म्हणणे पटले, तरी प्रश्न उरतोच: वर्गणी मग कोणाकडून घ्यावी, आणि ती सांभाळावी कोणी? आमच्याकडे याआधी एका स्थानिक निवडणुकीत गोळा केलेल्या पैशांवरून समर्थकांमध्येच फूट पडली होती, आणि त्याची भीती अजून गेलेली नाही.

उत्तर: माणदेशी

सोलापूर जिल्ह्यातील सांगोल्याच्या अनुभवाच्या आधारे लिहितो. गणपतराव देशमुख १९६२ पासून शेतकरी कामगार पक्षाच्या (शेकाप) वतीने अकरा वेळा आमदार झाले. मधल्या काळात दोनदा पराभूत झाले, पण पक्ष बदलला नाही. ते एसटीने प्रवास करीत, हे सर्वांना माहीत आहे. त्यामुळे त्यांच्या कार्यकर्त्यांनाही डामडौलाची सवय लागली नाही, आणि खर्चच कमी असल्यामुळे पैशावरून भांडण्याचे प्रसंगही कमी आले. आपल्या उमेदवाराचा खर्च किती असावा, हे आधी ठरवा आणि मग वर्गणी काढा. आधी पैसे गोळा केले, की खर्चाला वाटा फुटतात.

वर्गणी कोणाकडून घ्यावी, याचे उत्तर आपल्याच प्रश्नात आहे. ऊसतोडीतून बाहेर पडून पुण्या-मुंबईत, चाकण-भोसरीच्या कारखान्यांत स्थिरावलेली मुले आपल्याकडे गावोगावी असतील. त्यांना आई-वडिलांचे कष्ट आठवतात आणि त्यांच्या हातात महिन्याचा पगार असतो. त्यांच्याकडून छोटी रक्कम, थेट बँक खात्यात, नावानिशी घ्यावी. आपापल्या गावी मतदार म्हणून नाव असलेल्यांनी मतदानाला गावी यावे, एवढेच दुसरे मागणे करावे. ती मुले गावात दोन दिवस राहिली, तर त्यांच्या शब्दाला घरात वजन असते.

पैसे सांभाळणारी माणसे उमेदवाराच्या नात्यातील नसावीत आणि त्यांनी स्वतः कोणत्याही पदाची इच्छा धरू नये. जमा आणि खर्चाचा कागद दर आठवड्याला गटाच्या व्हॉट्सअॅपवर आणि गावातील पारावर लावावा, म्हणजे संशयाला जागा राहत नाही. निवडणूक अधिकाऱ्यांसाठी खर्चाची नोंदवही ठेवावीच लागते. तीच समर्थकांनाही दाखवली, तर दुहेरी काम पडत नाही. जे पैसे उरतील त्यांचे काय करायचे, हेही पहिल्याच बैठकीत लिहून ठेवावे.

यादीचे काम का टाळू नये, यासाठी आमच्याकडील एक आकडा देतो. गणपतरावांनी निवडणूक लढवणे थांबवल्यावर २०१९ मध्ये त्यांचे नातू अनिकेत देशमुख उभे राहिले आणि ७६८ मतांनी पडले. सांगोल्यातील मतदान केंद्रांच्या संख्येने भागले, तर केंद्रामागे दोन-तीन मतांचा तो प्रश्न होता. त्यानंतर कार्यकर्ते पांगले नाहीत, आणि २०२४ मध्ये गणपतरावांचेच दुसरे नातू बाबासाहेब देशमुख शेकापकडून निवडून आले. आपल्याकडे गावनिहाय यादी वाटताना प्रत्येकाच्या हातात संपूर्ण गाव देऊ नका. चाळीस-पन्नास घरे द्या, आणि त्या घरांतील प्रत्येक मतदार मतदानाच्या दिवशी कोठे असेल हे त्याला विचारा. फडावर गेलेल्यांचे मोबाईल क्रमांकही त्याच वहीत उतरवून घ्या, कारण हंगाम सुरू झाल्यावर ते गोळा करणे फार जड जाते.